प्रयोगशाळेतले जीव : लेखांक ६ – उंदराच्या श्वासनलिकेत नळी

लहान प्राण्यांना भूल कशी देतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. भूल चढली की श्वास मंदावतो, घशात लाळ साचते. अशा वेळी श्वासाची वाट मोकळी कशी ठेवायची, हा आजचा विषय.

शिरपूरच्या आर. सी. पटेल फार्मसी कॉलेजात १९९२पासून औषधशास्त्र शिकवलं जातं. बी. फार्म.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर आणि व्हिडिओत दाखवतात. जिवंत प्राणी हाती येतो तो पुढे, संशोधनाच्या टप्प्यावर. त्या वळणावर उभ्या असलेल्या मुलामुलींसाठी हा लेखांक मुद्दाम लिहितो आहे.

गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची रीत जुनी आहे. व्हेसॅलियसने १५४३च्या ग्रंथात बोरूची नळी घालून प्राण्याची फुप्फुसं फुगवल्याचं वर्णन केलं. पण छेद दिलेला उंदीर बहुधा पुन्हा शुद्धीवर आणला जात नाही. तोंडातून नळी घातली तर तो उठतो, खातो-पितो, आणि काही आठवड्यांनी त्याच्यावरच पुन्हा मोजमाप घेता येतं. म्हणजे प्रयोगाला एकूण उंदीर कमी लागतात.

अडचण जागेची आहे. अडीचशे ग्रॅमच्या विस्टार उंदराची श्वासनलिका बॉलपेनच्या रिफिलएवढी असते. तोंड चिंचोळं, जीभ जाड, पुढचे दात लांब. त्यात उंदीर नाकानेच श्वास घेतो. मऊ टाळू स्वरयंत्राच्या झाकणाला चिकटून असते, त्यामुळे तोंड उघडलं तरी वाट दिसत नाही.

यावर तोडगा उजेडाचा. भूल दिलेल्या उंदराला तिरक्या फळीवर उताणं ठेवतात आणि वरचे दात ताणलेल्या दोऱ्यात अडकवतात. गळ्यावर बाहेरून प्रखर दिवा धरतात. बोथट चिमट्याने जीभ हलकेच बाजूला ओढली की घशाच्या तळाशी एक उजळ ठिपका दिसतो, श्वासागणिक उघडतो आणि मिटतो. हेच स्वरद्वार. त्यावर लिग्नोकेनचा एक थेंब टाकला तर ते आवळत नाही. ठिपका उघडताच नळी आत सरकवायची. मिटलेला असताना रेटायची नाही.

नळी म्हणजे सलाइन लावताना नर्स वापरतात तेच व्हेनफ्लॉन. मोठ्या उंदराला नारिंगी किंवा राखाडी, पंचवीस ग्रॅमच्या लहान उंदराला गुलाबी किंवा निळं. आतली सुई आधी काढून घ्यायची, नाहीतर श्वासनलिका फाटते. मोठ्या उंदराचा एक श्वास जेमतेम दोन मिलिलिटरचा. बाहेर लांब नळी ठेवली तर तीच वापरलेली हवा आत-बाहेर फिरत राहते.

नळीच्या तोंडाशी थंड आरसा धरा. श्वासागणिक वाफ धरली तर नळी योग्य जागी आहे. छातीची उजवीच बाजू हलत असेल तर ती खोल गेली आहे, किंचित मागे घ्या. पोट फुगत असेल तर ती अन्ननलिकेत आहे, लगेच काढा. पुन्हा पुन्हा टोचल्याने स्वरयंत्र सुजतं आणि जनावर गुदमरतं. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर अनुभवी हाताकडे सोपवा.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ सांगतं की, केवळ हात बसवण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग शक्यतो करू नयेत. त्यामुळे सराव आधी सिलिकॉनच्या उंदरावर, मग दुसऱ्या मंजूर प्रयोगाच्या अखेरीस मेलेल्या उंदरावर करावा. जिवंत उंदीर त्यानंतर, तोही संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी घेऊन आणि जाणकार शेजारी असताना.

मार्गदर्शक शिक्षकांना एकच विनंती : विद्यार्थ्याचा हात सिलिकॉनच्या उंदरावर बसल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय त्याला जिवंत उंदराजवळ जाऊ देऊ नका.