नाल्याला पाणी आलं, आता काय?

मैत्रिणींनो, गौरी-गणपती आटोपले, पितृपक्ष सरत आला की आपल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता काय, पाऊस गेलाच!" छत्र्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात, गाद्यांना ऊन दाखवलं जातं, आणि पावसाळाभर मनात दाबून ठेवलेले बेत एकेक करून ओठांवर येतात. नागपूरकडच्या बायकांचा असाच एक ठरलेला बेत म्हणजे माहूर. रेणुकामातेचं ठाणं, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी असं करत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. नवरात्रात गर्दी फार, म्हणून त्याच्या आधीच जाऊन यावं असं पुष्कळजणी ठरवतात.

हे बरोबरच आहे. पण पाऊस खरंच गेलेला असतो का?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

जरा दोन तारखा आठवून पाहा. २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेतल्या लोकांच्या घरात शिरलं. दुसरी तारीख २८ सप्टेंबर २०२१. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत होतं. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी त्या पाण्यात घातली गेली आणि वाहून गेली. काही जण वाचले, काहींचा अंत झाला. त्याच्या दोनच दिवस आधी 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ तिकडे आंध्रच्या किनाऱ्यावर आलं होतं. त्याचा उरलासुरला जोर मराठवाड्यावर आणि आपल्या विदर्भावर ओतला गेला.

दोन्ही घटना सप्टेंबर संपता संपता घडल्या, आपण छत्र्या आवरून ठेवतो तेव्हा! आपल्या आज्या हस्त नक्षत्राचं नाव घेताना उगीच नव्हत्या सांगत की हत्ती सोंडेनं पाणी ओततो. ऑक्टोबर उजाडल्याशिवाय विदर्भातून पाऊस सहसा निरोप घेत नाही. शिवाय तोवर काळी जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते, तळी काठोकाठ भरलेली असतात. जूनमधला पाऊस माती शोषून घेते. सप्टेंबरातला पाऊस सरळ नाल्याकडे धावतो. म्हणून आपल्या डोक्यावर चार थेंब नसले तरी वर कुठे तरी पाऊस झाला, की अर्ध्या-पाऊण तासात नाला दुथडी भरतो.

दोघी बायका आणि एक गाडी

गेल्या वर्षी याच दिवसांत मी आणि माझी मैत्रीण माहूरला निघालो. ती माझ्याच शाळेत शिकवते आणि गाडी उत्तम चालवते. मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली, म्हणून तिनं देवीची ओटी बोलली होती. दोनदा बेत ठरला आणि दोनदा मोडला, एकदा परीक्षांमुळे आणि एकदा तिच्या आईच्या आजारपणामुळे. त्यामुळे या वेळी ती अगदी हट्टाला पेटली होती. घरून नेहमीचं ऐकून घेतलं. "दोघी बायाच? एवढ्या लांब? एखादा पुरुषमाणूस बरोबर घ्या ना!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच जास्त ऐकू येत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी एक गोष्ट मात्र ठरवून टाकली. वाटेत दोघींपैकी एकीनं "नको" म्हटलं, की नको. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. ही कल्पना मैत्रिणीचीच. ती म्हणाली, "आमच्याकडे हे गाडी चालवत असले की 'भीती वाटते' म्हणायची कुणाची टाप नसते. मला तसं नको."

सकाळी हवामान खात्याचा इशारा पिवळा होता, म्हणजे लक्ष ठेवा इतकाच. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं तेव्हा ऊन होतं. यवतमाळला चहा प्यालो तेव्हा आभाळ भरून आलं. आर्णीच्या पुढे असा पाऊस सुरू झाला की काचेवरचे वायपर नुसते हात हलवत राहिले. मोठा रस्ता सोडून माहूरच्या बाजूला वळलो आणि थोड्याच अंतरावर गाड्यांची रांग दिसली. पुढे एक बुटका पूल होता. पूल कसला, दिसत होते फक्त त्याच्या कठड्याचे दगड. वरून लाल गढूळ पाणी चाललं होतं.

आमच्यासमोर एक ट्रॅक्टर गेला, मग एक जीप गेली. मागचा माणूस भोंगा वाजवायला लागला. एकजण तर काचेवर टकटक करून सांगून गेला, "चला ना ताई, काही होत नाही. आत्ता चार गाड्या गेल्या." मैत्रिणीचा हात गिअरवर गेला. "एवढ्या जवळ येऊन परत जायचं गं?" असं ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. मागच्या सीटवर खण, नारळ आणि तांदळाचा डबा होता. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं, म्हणूनच माझी जीभ जड झाली. तरी मी म्हटलं, "नको."

तिनं दोन क्षण स्टिअरिंग घट्ट धरलं. मग गाडी मागे घेतली आणि उंचावरच्या एका टपरीपाशी उभी केली. दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही, पण ठरल्याप्रमाणे कारणही विचारलं नाही.

टपरीवाली बाई सगळं बघत होती. चहाचे कप पुढे करत म्हणाली, "बरं केलं बाई. ह्या नाल्यानं मागच्या साली दोन बैल नेले. रात्री जाऊ नोका कुठी, घरी चला." त्या रात्री तिच्या घरी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली आणि तिच्या सुनेजवळ चटईवर झोपलो. नेटवर्क येत-जात होतं, पण घरी निरोप पोचला. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "जेवलात का गं?"

सकाळी नाला गुडघ्याच्या खाली आला होता आणि पूल उघडा पडला होता. पलीकडच्या टोकाला, जिथे रस्ता पुलाला मिळतो, तिथली माती-खडी वाहून गेली होती. अर्धी गाडी मावेल एवढं भगदाड! काल संध्याकाळी ते भगदाड पाण्याखाली कुणाला दिसलं असतं? मैत्रीण बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिनं गाडीतून डबा काढला, टपरीवाल्या बाईला पाटावर बसवलं आणि देवीसाठी आणलेल्या खण-नारळानं तिची ओटी भरली. म्हणाली, "देवी कुठे पळून जाते? तिला पुन्हा येऊ." आणि गाडी नागपूरकडे वळवली.

पाण्याला किती बळ असतं?

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगते. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा पाण्याच्या बादलीत बुडवून पाहा. हातानं दाबून धरावा लागतो, सोडला की वर उसळतो. मोटार म्हणजे असाच एक मोठा डबा. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर आलं, तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो. ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. ६० सेंटिमीटरला जीपसारख्या जड गाड्याही वाहून जातात. ट्रॅक्टर पार झाला म्हणून आपली गाडी होईल, हा हिशेब म्हणूनच चुकीचा. त्याची चाकं उंच, पाण्याला धरायला त्याचं अंग थोडं.

आणि पुलाची तब्येत तर वरून कळतच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. पुढे पूल उरलेला नाही, हे कुणाला दिसणार होतं?

यातली दिलाशाची गोष्ट एकच. आपल्याकडचे नाले जसे झपाट्यानं चढतात तसेच पाऊस थांबला की उतरतातही. थांबण्याची किंमत बहुधा काही तासांची, फार तर एका रात्रीची असते.

निघण्यापूर्वी एवढं करा

• नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघा, आणि तो फक्त आपल्या गावाचा नाही, तर वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्याचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल असेल तर बेतच पुढे ढकला.

• २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार. बातमीतले आकडे आता नुसते वाचून सोडू नका.

• अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचाल असं निघा. रात्री पाण्याची खोली कळत नाही.

• गाडीत टॉर्च, पिण्याचं पाणी, कोरडे कपडे, एक चादर, नेहमीची औषधं, पाळीची सोय आणि दशम्या-चिवडा ठेवा. फोन पूर्ण चार्ज हवा, आणि महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहिलेले हवेत.

• मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७.

• पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा चालू करू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी वाढत असेल तर पट्टा सोडा, काच खाली करा आणि लगेच बाहेर पडून उंच जागा गाठा. सामानाचा मोह नको.

• विजा कडाडत असतील तर झाडाखाली उभ्या राहू नका. काचा बंद करून गाडीतच बसा, पण गाडी झाडाखाली किंवा सखल जागी नको.

या यादीतलं सगळं बाजारात किंवा फोनवर मिळतं. एक गोष्ट मात्र घरातच तयार करावी लागते. पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर निर्णय पाण्यामुळे होत नाही. मागचा भोंगा, पुढे गेलेला ट्रॅक्टर, "एवढ्या जवळ येऊन" हे शब्द आणि घरी काय म्हणतील ही लाज, हे सगळं मिळून आपल्याला पुढे ढकलत असतं. म्हणून "नको" म्हणायचा हक्क गाडीतल्या प्रत्येकाला निघण्याआधीच देऊन ठेवा. सासूबाईंना द्या, मागे बसलेल्या दहा वर्षांच्या लेकीलाही द्या. आणि गाडी घरचा पुरुष चालवणार असेल तर त्याच्याकडून हे आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, हसतखेळत कबूल करून घ्या. ते कसं करायचं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?