शरदातील सागरी सफर : तिकिटाआधी सौदा ओळखा

नवरात्र जवळ आले की पुण्याच्या सदाशिव पेठेत सहलींचा हंगाम सुरू होतो. टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, बाजीराव रस्ता या भागातील सहल कंपन्यांच्या आणि तिकीट एजंटांच्या दारावर दिवाळीच्या सुटीचे फलक लागतात. केरळ, राजस्थान, सिंगापूर ही नावे जुनीच आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी 'क्रूझ' हा शब्द येऊन बसला आहे. मुंबईहून गोवा, मुंबईहून लक्षद्वीप, सिंगापूरहून मलेशिया अशा सफरींचे दरपत्रक आता साध्या कार्यालयातही हाती पडते.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण या पायऱ्या चढू लागले आहेत. बोहरी आळीतील दुकानदार असो वा मोमीनपुऱ्यातील कारागीर, दिवाळीपर्यंत त्याला मान वर करायला उसंत नसते. दिवाळी पार पडली, गिऱ्हाईक ओसरले, की आठ-दहा दिवस मोकळे मिळतात आणि मुलांच्या शाळाही बंद असतात. चार माणसांच्या कुटुंबाने समुद्रावर जायचे म्हटले तर लाखभर रुपये सहज लागतात. वर्षाची शिल्लक अशी एका पावतीवर जाते. म्हणून या सौद्याची थोडी उकल करावी असे आम्हाला वाटले.

दुकानात पत्र्याचा एक डबा घेताना आपला माणूस बिल, वजन, वाहतूक, परतीची अट सारे विचारतो. सहलीचे पैसे भरताना मात्र तोच माणूस रंगीत चित्रे पाहून सही करतो. आम्ही पेठेतील दोन-तीन कार्यालयांत विचारपूस केली तेव्हा तेथील मंडळींनीही हेच सांगितले. गिऱ्हाईक खोलीला खिडकी आहे का हे विचारते, रद्द केल्यास किती कापणार हे विचारत नाही.

समुद्र आम्हाला नवा नाही

जहाजाचे तिकीट आणि त्यातला मध्यस्थ या दोन्ही गोष्टी आमच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. कोकणातील कुटुंबे आगबोटीने मुंबईला येत. हाजींची जहाजे मुंबई बंदरातून जिद्दाला जात. ती वाट १९९५ साली बंद झाली आणि हाजी पूर्णपणे विमानाने जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत हजच्या तिकिटांचे दलाल असत. ते भाडे चढवून घेत, जहाजात मावतील त्याहून जास्त माणसे कोंबली जात आणि निघण्याची तारीख लांबली की गरीब यात्रेकरूची शिदोरी धक्क्यावरच संपे. तक्रारी फार वाढल्या तेव्हा १८८६ साली सरकारने हे काम थॉमस कुक या इंग्रज प्रवास कंपनीकडे दिले. पुढे काही वर्षांतच कंपनी त्यातून बाहेर पडली. म्हणजे सागरी प्रवासात एजंट कोण, त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न या किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

त्याच थॉमस कुकची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८४१ पासून चालत आलेली ही ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एका रात्रीत बंद पडली. त्या वेळी सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारी यंत्रणेने त्यांना परत आणले, कारण तेथे विमानासह सहल विकणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम एका निधीत भरावी लागते. कंपनी बुडाली तर त्या निधीतून प्रवाशाची सोय होते. भारतातील थॉमस कुकची मालकी २०१२ पासून वेगळी असल्याने तिला या पडझडीची झळ लागली नाही. नाव एक असले तरी मालक वेगळा असू शकतो, हेही यातून ध्यानात येते.

आपल्याकडे असा सक्तीचा निधी नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता सहल कंपन्यांना मिळते, पण ती ऐच्छिक आहे. त्यामुळे आपले पैसे सांभाळण्याचे काम बव्हंशी आपल्यालाच करावे लागते.

मुंबई बंदरातील धडा

मुंबई-गोवा सागरी प्रवास ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रीया' जहाजाने पुन्हा सुरू झाला. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या कंपनीचे 'कर्णिका' हे मोठे जहाज आले. मार्च २०२० मध्ये करोनाने सारे ठप्प झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जलेशने व्यवसाय गुंडाळला. जहाज लिलावात निघाले आणि वर्ष संपण्यापूर्वी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. अवघ्या दीड वर्षाचा हा कारभार. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने मुंबईहून सफरी सुरू केल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. धंदा वाढतो आहे हे खरे.

परंतु जहाज कंपनी बंद पडली तर आगाऊ भरलेल्या पैशासाठी प्रवाशाने कोणाचे दार ठोठवायचे? विमान तिकिटांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीतील परताव्याचे नियम घालून दिले. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटाने प्रवाशाला पोचते करावेत, असे त्यात होते. तो आदेश विमानांपुरता होता. जहाजाच्या प्रवाशाला आपल्या हातातील कागदावरच विसंबावे लागते.

पैसे कोणाच्या खात्यात?

पेठेतील एजंट पुष्कळदा जहाज कंपनीशी थेट बांधलेला नसतो. तो मुंबई-दिल्लीच्या घाऊक एजंटाकडून खोली घेतो आणि घाऊक एजंट कंपनीकडून. आडत बाजारात जशी साखळी असते तशीच ही साखळी. त्यात गैर काही नाही. एजंटाची दलाली बहुधा कंपनीच देते, त्यामुळे त्याच्याकडून तिकीट घेतल्याने दर वाढतोच असे नाही. उलट चार कुटुंबांना लागून खोल्या मिळवणे, व्हिसाचे कागद नीट लावणे, ऐनवेळी कंपनीशी भांडणे ही कामे चांगला एजंटच करतो.

फक्त साखळीच्या कोणत्या कडीवर आपले पैसे थांबले आहेत हे आपल्याला कळले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पैसे संस्थेच्या खात्यात भरावेत, कोणाच्या खासगी खात्यात नव्हे. जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे. आणि जहाज कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागून घ्यावा, एजंटाच्या वहीतला नव्हे. तो क्रमांक मिळाला की कंपनीकडे फोन करून आपली नावे, खोलीचा प्रकार आणि जमा झालेली रक्कम स्वतः पडताळावी. क्रमांक द्यायला कोणी आठवडे लावू लागला तर सावध व्हावे.

रोखीने भरण्याची सवय आमच्या बाजारात अजून आहे. पण २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे. परदेशी सहलीच्या रकमेवर ऑक्टोबर २०२० पासून एजंट आगाऊ कर गोळा करतो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा त्या दिवशीचा दर विचारावा. हा कर आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचा दाखला सोडू नये.

हप्त्यांवर सहल हाही आता नेहमीचा प्रकार झाला आहे. जे व्याज टाळतात त्यांनी 'शून्य व्याज' या शब्दांवर थांबू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते प्रक्रिया शुल्कात लपवले जाते, हे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. रोख दर आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी मांडली की खरे काय ते दिसते.

दरपत्रक कसे वाचावे

फलकावरचा आकडा बहुधा माणशी असतो आणि खोलीत दोघे राहणार असे धरून काढलेला असतो. एकटा माणूस गेला तर त्याला जवळजवळ दोघांचे भाडे पडू शकते. त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र दर कमी पडतो. खोल्या साधारणपणे चार प्रकारच्या असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, सज्जाची आणि मोठा सूट. समजा, माणशी पंचवीस हजार लिहिले आहे. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क म्हणजे टिप आणि जीएसटी चढतो. जेवण बहुतेक धरलेले असते. मद्य, इंटरनेट, किनाऱ्यावरील फेरफटका, मुंबईपर्यंतचा प्रवास हे वेगळे. म्हणून "चौघांचा, सर्व करांसह, एकूण आकडा लिहून द्या" एवढे एकच वाक्य बोलावे.

खाण्याची बाबही तोंडी ठेवू नये. शाकाहारी व जैन जेवणाची सोय जाहिरातीत ठळक असते, हलालचा उल्लेख असेलच असे नाही. मांस हलाल आहे का, स्वयंपाकघर वेगळे आहे का, हे कंपनीकडून लेखी मागवावे. २०२२ पासून सिंगापूरहून सफरी सुरू केलेल्या 'गेंटिंग ड्रीम'सारख्या जहाजाने हलाल प्रमाणपत्र घेतले आहे, तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही.

हवामान आणि रद्द करणे

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या लोटतात आणि पश्चिम किनाऱ्यावरील सफरींचा हंगामही पावसाळा सरताना सुरू होतो. पण शरदातला समुद्र नेहमी शांत असतो असे नाही. २०१९ साली ऐन दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळ अरबी समुद्रात घोंगावत होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' कोकण किनाऱ्यावर आदळले. अशा वेळी कप्तान बंदर वगळू शकतो, मार्ग बदलू शकतो आणि ते योग्यच आहे. मात्र वगळलेल्या बंदराबद्दल साधारणपणे बंदर शुल्काएवढीच रक्कम परत मिळते, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते.

आपण स्वतः रद्द केले तर निघण्याचा दिवस जितका जवळ तितकी कपात मोठी. शेवटच्या आठवड्यांत सगळेच पैसे जाऊ शकतात. कंपनीची कपात आणि एजंटाची कपात या दोन निरनिराळ्या असतात. दोन्ही आधी विचाराव्यात.

नाव आणि व्हिसा

आमच्या लोकांची सर्वांत मोठी अडचण नावांची होते. आधारवर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, शाळेच्या दाखल्यावर 'शेख' पुढे तर कुठे मागे. तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच अक्षरन्‌अक्षर नाव हवे. पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाची जागा रिकामी असेल, तर दुबईला जाऊन जहाजात बसण्याचा बेत करण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून असे एकनावी पासपोर्ट पर्यटक व्हिसासाठी स्वीकारणे बंद केले आहे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असावी.

व्हिसाचीही एक खोच आहे. सिंगापूरहून निघालेले जहाज मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरला येते. ग्रीसहून निघालेले जहाज तुर्कस्तानला टेकून ग्रीसला परतते. म्हणजे एकाच देशात दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर धक्क्यावरच अडवणूक होऊ शकते. "अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे ना?" हे एजंटाला विचारलेच पाहिजे.

टेबलाच्या पलीकडे आपणच असलो तर

आमच्या वाचकांची कित्येक मुले उमरा व विमान तिकिटांचे काम करतात. आता क्रूझच्या खोल्याही विकू लागली आहेत. त्यांना सांगणे असे, की आपल्या नावाच्या पावतीवर पैसे घेतले तर गिऱ्हाईक आपल्यालाच विचारणार. म्हणून पावतीवर वरच्या कंपनीचे नाव, तिच्या अटी व आपली दलाली स्पष्ट लिहावी, आणि गिऱ्हाइकाचे पैसे दुकानाच्या भांडवलात मिसळू नयेत.

काही घाऊक व्यापारी आपल्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून सफरीवर नेतात. ते बिल फर्मच्या नावे असते. ग्राहक कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बाहेर ठेवली आहे, त्यामुळे वाद झाल्यास समोरचा हाच मुद्दा काढील. कुटुंबाची सहल कुटुंबाच्या नावेच घ्यावी.

तक्रार कोठे करावी

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने ग्राहकाला आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. जहाज कंपनी मुंबईची असो वा सिंगापूरची, पुण्याच्या माणसाला पुण्यातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करून पाहावा.

ग्राहकांच्या संघटनेची परंपरा याच शहराची आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. टिळक रस्त्यावरचे 'ग्राहक पेठ' ही त्याच चळवळीची खूण. तेव्हा त्या भागात पैसे भरायला जाल तेव्हा बिल मागायला संकोचू नका. चांगला एजंट त्याने दुखावत नाही. एकूण दर, कपातीची अट, कंपनीचा बुकिंग क्रमांक आणि जेवणाची सोय या चार गोष्टी लेखी हाती आल्यावरच सही करा, आणि त्यांच्या प्रती प्रवास संपेपर्यंत घरी कोणाकडे तरी ठेवून जा.