शोधाचा बाजार, भाग 5 : कोणतं कोल्हार?

नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी, भगवतीमातेचं कोल्हार आहे. पाथर्डी तालुक्यात दुसरं, कोल्हुबाईचं. तिसरं कर्नाटकात विजयपूर जिल्ह्यात. शिवाय सोन्याच्या खाणींचं कोलार लिहिण्या-वाचण्यात इतकं जवळचं की गल्लत ठरलेलीच. शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेलं कुटुंब मोबाइलवर ‘कोल्हारला जेवायची सोय’ असं टाकतं, तेव्हा सर्च इंजिनला आधी कोणतं कोल्हार ते ओळखावं लागतं.

जगभरची पानं गोळा करून त्यांचा इंडेक्स कसा तयार होतो, हे आपण मागच्या भागात पाहिलं. पण कोणतं कोल्हार, याचं उत्तर इंडेक्समध्ये नसतं. ते आधी शोधून गेलेल्या लोकांच्या वागण्यात असतं. फोन कुठे होता, कोणत्या दुव्यावर बोट पडलं, कोणत्या पानावरून माणूस लगेच मागे फिरला, मग ‘कोल्हार भगवतीपूर’ असं नव्याने लिहिलं का, या सगळ्या खुणा साठत जातात. पुढच्या माणसाला काय वर दाखवायचं, हे ठरवताना त्या कामी येतात.

या खुणा कुणाकडे साठतात, ते अमेरिकेतल्या एका निकालात दिसलं. 5 ऑगस्ट 2024 रोजी वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. कायदा 1890 चा, शर्मन अ‍ॅक्ट. बातम्या झाल्या त्या पैशांच्या. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलं सर्च आधीपासून लावलेलं मिळावं म्हणून गूगलने 2021 मध्ये 2,630 कोटी डॉलर वाटले होते. रक्कम डोळे फिरवणारी आहेच, पण मला त्या निकालातला दुसरा एक तपशील जास्त मोलाचा वाटतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर आलेले 37 लाख वेगवेगळे शब्दप्रयोग तपासले गेले. डेस्कटॉपवर त्यांतले 93 टक्के फक्त गूगलकडे आले होते आणि 4.8 टक्के फक्त बिंगकडे. मोबाइलवर तर 98.4 टक्के एकट्या गूगलकडे.

याचा अर्थ नीट पाहू. क्रिकेटचा स्कोअर किंवा सोन्याचा भाव कोणतंही सर्च इंजिन सांगेल, कारण ते सगळेच विचारतात. फरक पडतो तो क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत. ‘कोल्हारजवळ पेरूची रोपं’ हा तसा प्रश्न. कुणी तो देवनागरीत लिहितं, कुणी इंग्रजी लिपीत मराठी, कुणी बोलून विचारतं. बिंगकडे असा प्रश्न आलाच नसेल, तर त्याचं चांगलं उत्तर कोणतं हे त्याने शिकायचं कुठून? उत्तर बरं मिळालं नाही की माणूस परत गूगलवर जातो आणि ती खूणही तिथेच जमा होते.

प्रवरा कारखान्याच्या परिसरातल्या वाचकांना हे सांगायला नको की ऊस मिळाला नाही तर गाळप होत नाही. दोन साखर कारखान्यांमध्ये 25 किलोमीटरचं हवाई अंतर असावं, हा सरकारी नियम आहे. सर्चमध्ये असा कोणताही नियम नाही, उद्या कुणीही नवं इंजिन काढावं. पण प्रश्न हाच त्याचा ऊस, आणि तो आधीच दुसरीकडे गेलेला असतो. आपल्याकडेही सर्च इंजिनं निघाली होती. मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचं ‘खोज’ होतं; 1999 मध्ये ती कंपनी सत्यम इन्फोवेने 499 कोटींच्या व्यवहारात घेतली. 2006 मध्ये बंगळुरूहून ‘गुरुजी’ आलं, पाच वर्षांत थांबलं. आज त्यांची आठवण जुन्या लोकांनाच असेल.

आपल्या कायद्याचं काय? 2002 चा स्पर्धा कायदा मोठं असण्याला गुन्हा मानत नाही, त्या बळाचा गैरवापर झाला तर दंड करतो. भारतमॅट्रिमोनी आणि कट्स या ग्राहक संस्थेच्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये गूगलला 135.86 कोटींचा दंड केला. निकालांच्या पानावर स्वतःच्या विमानसेवा-शोधाला खास जागा देणं, हा त्यातला एक मुद्दा. ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड फोनमधल्या स्वतःच्या अॅप्सच्या सक्तीबद्दल 1,337.76 कोटी. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाच्या दहा आदेशांपैकी चार रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. नवा फोन सुरू करताना कोणतं सर्च हवं ते निवडता यावं, हा आदेशही टिकला.

चांगलंच झालं, पण पुरेसं नाही. निवडीच्या यादीतल्या दुसऱ्या इंजिनाला कोल्हार कळत नसेल, तर ते निवडून गिऱ्हाइकाचा उपयोग काय?

मेहता यांनी 2 सप्टेंबर 2025 च्या निकालात इथे हात घातला. क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, पण एकाधिकाराचे करार बंद केले आणि इंडेक्समधली व वापरकर्त्यांच्या वागण्याची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितली. आपल्या आयोगाच्या या दोन आदेशांत माहितीच्या अशा वाटपाची अट नाही. ती मागायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात एक खरी अडचण आहे. गावातल्या एकाच माणसाने विचारलेला दुखण्याचा प्रश्न नाव पुसूनही ओळखता येतो. म्हणून युरोपात अशी माहिती देताना गूगलने अट घातली: तेरा महिन्यांत किमान तीस लॉग-इन केलेल्या लोकांनी विचारलेलाच प्रश्न मिळेल. डकडकगो या स्पर्धक सर्च इंजिनाची तक्रार अशी की त्यामुळे जवळजवळ 99 टक्के प्रश्न बाहेर राहतात. ही अट इथे जशीच्या तशी आली, तर मराठीतले गावोगावचे प्रश्न सर्वांत आधी गळतील. त्याऐवजी वाक्य वगळून गावाचं नाव, विषय आणि कोणत्या दुव्यावर लोक थांबले एवढंच एकत्र करून देता येईल. दुखण्याखुपण्याचे, कर्जाचे, कोर्टकचेरीचे प्रश्न पूर्ण वगळावेत. बियाणं, रस्ते, खानावळी, मंदिराच्या वेळा यांत लपवण्यासारखं काही नाही, आणि कोल्हारच्या बाजारपेठेचं कामही याच प्रश्नांशी आहे.