पीटर कॅनव्हन : खेळाडू आणि शिक्षक

ज्या खेळात जिंकूनही वेतन मिळत नाही, त्यासाठी माणसाने तारुण्य का वेचावे, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. आयर्लंडच्या पीटर कॅनव्हन यांचे चरित्र हे त्याचे उत्तर होय.

प्रथम गेलिक फुटबॉलची ओळख करून घेऊ. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू हातात धरता येतो; पण चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा किंवा पायाने उडवून पुन्हा झेलावा लागतो. कॅनव्हन यांच्या काळी आडव्या दांडीखालून जाळ्यात गेलेल्या चेंडूस तीन गुण आणि वरून गेलेल्यास एक गुण मिळे. ह्या खेळाचे नियमन करणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ साली निघाली. तिचे एक संस्थापक मायकेल क्यूसॅक स्वतः शिक्षकच होते. तिचे खेळाडू आपापल्या परगण्याकडून विनावेतन खेळतात. सबब चरितार्थास दुसरा व्यवसाय हवाच.

कॅनव्हन यांचा जन्म १९७१ सालचा, उत्तर आयर्लंडमधील टिरोन परगण्यातला. कुक्सटाउन येथील होली ट्रिनिटी विद्यालयात ते शारीरिक शिक्षण शिकवीत. बांधा लहानखुरा, परंतु नेम अचूक. १९९५ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात टिरोनच्या बारा गुणांपैकी अकरा एकट्या कॅनव्हन यांचे होते. तरी डब्लिनने तो सामना एका गुणाने जिंकला. अखेरीस टिरोनने साधलेली बरोबरी पंचांनी रद्द ठरविली. जमिनीवरील चेंडूस कॅनव्हन यांचा हात लागला, हे कारण. ह्या खेळात तो नियमभंग होय.

अशा पराभवाने कोणीही खचला असता. कॅनव्हन मात्र आणखी आठ वर्षे खेळत राहिले. २००३ साली ते संघनायक होते. घोटा दुखावलेला असतानाही ते अंतिम सामन्यात उतरले, मध्यंतरी बाहेर बसले व शेवटच्या टप्प्यात परतले. आर्माचा ९ विरुद्ध १२ गुणांनी पराभव करून टिरोनने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. २००५ साली केरीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला, टिरोन पुन्हा विजयी झाले आणि कॅनव्हन यांनी परगण्याच्या संघाचा निरोप घेतला.

दिवसा मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळी सराव करावा, ही ओढाताण सोपी नव्हे; दुखापतीही अशाच सोसाव्या लागतात. परंतु तिचे फळही मोठे आहे. हजारोंच्या जयघोषात जिंकणारा वीर मुलांना रोज शाळेच्या आवारात भेटतो. तो दूरचे दैवत राहत नाही. २०२१ साली टिरोनने पुन्हा अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्या संघात कॅनव्हन यांचा पुत्र डॅरा होता. वेतनाने खेळाडू विकत घेता येतो; वारसा मात्र असा शिकवूनच द्यावा लागतो.