पट्टा नसलेली गाडी

भोसरी आणि शर्यत हे दोन शब्द एकत्र उच्चारले कीं या भागांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो बैलगाड्याचा घाट. जत्रेची गर्दी, उधळलेला भंडारा, पुढें धांवणारी घोडी, आणि घड्याळावर मोजले जाणारे मोजके सेकंद! २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही शर्यत बंद केली, डिसेंबर २०२१ मध्यें तिला सशर्त मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा त्यासंबंधींचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळांत ओस पडलेले घाट आतां पुन्हां गाजूं लागले आहेत.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र एका निराळ्या गाड्याविषयीं. त्याला बैल नाहींत, जूं नाहीं. इंग्रजींत त्याचें नांव कार्ट, म्हणजे अर्थानें गाडाच. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. पुण्याच्या उत्तरेकडील घाटांतून धांवणाऱ्या बैलगाड्यावर हांकणारा बसलेला नसतो. कार्टमध्यें हांकणारा हाच सर्व कांहीं. बैलांच्या सुरक्षिततेविषयीं न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद झाला, आणि तो होणें योग्यच होतें. कार्टमध्यें बसणाऱ्या मनुष्याच्या सुरक्षिततेविषयीं मात्र, एखादा अपघात वर्तमानपत्रांत येईपर्यंत, कोणी फारसें बोलत नाहीं.

कार्टचा जन्म कारागिराच्या हातून झाला, ही गोष्ट भोसरीकरांस आवडेल. आर्ट इंगल्स हा कॅलिफोर्नियांतील एक यंत्रकुशल गृहस्थ. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट नांवाच्या कारखान्यांत तो काम करीत असे. १९५६ सालीं त्यानें लोखंडी नळ्यांचा एक लहानसा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचें वेस्ट बेंड कंपनीचें इंजिन बसविलें. मोठा माणूस त्या खेळण्यावजा गाडींत गुडघे दुमडून बसला, आणि ती धांवली! पासाडेना गांवच्या रोज बोल क्रीडांगणाच्या विस्तीर्ण मोटारतळावर अशा गाड्यांची झुंबड उडूं लागली. १९६२ सालीं आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानें या खेळासाठीं स्वतंत्र समिति नेमली. पुढें सेना आणि शूमाकर यांसारखे जगज्जेते याच लहान गाडीवर हात बसवून वर चढले.

आपल्याकडे मोटारींच्या शर्यतींचें नियमन मोटार-क्रीडा मंडळांचा भारतीय महासंघ करतो. महाराष्ट्रांत या खेळाचें नांव घेतांना कोल्हापूर विसरून चालणार नाहीं. तेथील मोहित्यांच्या रेसिंग अकॅडमीच्या मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. ज्या गांवाच्या उद्यमनगरांत ओतकाम आणि इंजिनें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं, तेथें हा खेळ रुजावा यांत नवल नाहीं. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यांत तर नळी वांकविणारा, सांधा जोडणारा, दंतचक्र कापणारा असे सर्व कसबी लोक हांकेच्या अंतरावर आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं स्वतःचें कार्ट बांधावयाचें मनांत आणलें तर याहून सोयीचा मुलूख शोधून सांपडणार नाहीं.

आतां ही गाडी चालते कशी तें पाहूं. कार्टला स्प्रिंगा नाहींत. मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलेलीं असतात, आणि इंजिनाची शक्ति सांखळीनें त्या आंसास मिळते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें आणि आंतल्या चाकाला कमी. मोटारींत या अडचणीवर डिफरन्शियल नांवाची दांतेरी पेटी हा उपाय आहे. कार्टमध्यें ती पेटी नाहीं. दोन्ही चाकें सारख्याच फेऱ्या घेणार. मग गाडी वळावी कशी? येथें खरी गंमत आहे. सुकाणूं फिरवितांच, पुढच्या चाकांच्या खुंट्या तिरप्या बसविलेल्या असल्यामुळें, आंतल्या बाजूचें पुढचें चाक खालीं दाबलें जातें. सांगाडा किंचित् पिळवटतो आणि मागचें आंतलें चाक जमिनीपासून केंसभर उचललें जातें. त्या क्षणीं गाडी तीन चाकांवर असते. म्हणजे कार्टचा सांगाडा हाच तिचा स्प्रिंग, आणि चालविणाऱ्याच्या देहाचा भार हा यंत्राचाच एक भाग. चालक जागचा हलला तर गाडीचा स्वभाव पालटतो. म्हणून बैठक अंगाबरोबर, शिंप्यानें मापें घेऊन शिवल्यासारखी असावी लागते.

अशा या गाडींत प्रथम बसणारा मनुष्य नेहमीं एक प्रश्न विचारतो. पट्टा कोठें आहे? मोटारींत बसतांच पट्टा बांधावा हें आतां शाळकरी मुलेंही जाणतात, आणि येथें ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें, जमिनीपासून चार बोटें उंचीवर बसून धांवावयाचें असतां पट्टा नसावा, हें त्यास विपरीत वाटतें. त्याचें कारण असें. मोटारीस छप्पर आहे, शर्यतीच्या मोटारीस पोलादी पिंजरा आहे. गाडी उलटली तर भार पिंजरा घेतो, आणि पट्टा मनुष्यास पिंजऱ्याच्या आंत धरून ठेवतो. स्पर्धेच्या कार्टला छप्परही नाहीं आणि पिंजराही नाहीं. ती उलटली आणि चालक तिला बांधलेला असला, तर गाडीचा सर्व भार त्याच्या मानेवर आणि डोक्यावर येईल. तो मोकळा असला तर गाडीपासून दूर फेंकला जातो. खरचटेल, हाड मोडेल, पण गाडीखालीं चिरडला जाण्याचें टळतें. भाड्यानें मिळणाऱ्या कांहीं कार्टना डोक्यामागें लोखंडी कमान असते आणि पट्टाही असतो. तेथें तो बांधलाच पाहिजे. पट्टा आहे पण कमान नाहीं अशी गाडी कोठें दिसली, तर मी तरी तींत बसणार नाहीं.

पट्टा नाहीं म्हणजे रक्षणाचें काम दोन गोष्टींवर येऊन पडतें. एक, अंगावर काय घातलें आहे. आणि दुसरी, आजूबाजूला कोण धांवत आहे.

अंगावरच्या वस्तूंत पहिला मान हेल्मेटचा. त्याच्या इतिहासांत एक विचारी डॉक्टर आहे. १९३५ च्या मे महिन्यांत अरबस्तानच्या मोहिमेमुळें प्रसिद्ध झालेला लॉरेन्स मोटारसायकलवरून पडला व सहा दिवसांनीं मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूनें त्यांस या विषयाकडे वळविलें. लष्करांतील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्यें त्यांनीं शिरस्त्राणाचा उपयोग सप्रमाण मांडला. पुढें अमेरिकेंत, १९५६ मध्यें, म्हणजे ज्या वर्षीं पहिलें कार्ट धांवलें त्याच वर्षीं, पीट स्नेल हा शर्यतपटु हेल्मेट असूनही डोक्यास मार लागून मेला. त्याच्या मित्रांनीं दुसऱ्या वर्षीं त्याच्या नांवें संस्था काढली आणि हेल्मेटें कसोटीस लावण्यास आरंभ केला. त्या संस्थेनें पुढें कार्टसाठीं निराळी कसोटी ठरविली आहे.

हेल्मेट काय करतें? पुष्कळांची समजूत अशी कीं बाहेरचें कवच जितकें कठीण तितकें डोकें सुरक्षित. वस्तुतः अर्ध्याहून अधिक काम आंतला थर्मोकोलच्या जातीचा दोन बोटें जाड थर करतो. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें कशावर आदळणें म्हणजे सुमारें दहा मीटर, अर्थात् तीन मजल्यांवरून, पडण्यासारखें आहे. तो थर चेंगरला जातो, आणि चेंगरतां चेंगरतां डोक्याला थांबावयास थोडा अवधि देतो. कार्टच्या मार्गाकडेला टायरांच्या राशी रचलेल्या असतात त्या याच तत्त्वावर. एकदां चेंगरलेला थर पुन्हां फुगत नाहीं. म्हणून जोराचा मार खाल्लेलें हेल्मेट, बाहेरून कितीही चकचकीत दिसलें तरी, टाकून द्यावें. भाड्याच्या मार्गावरील हेल्मेटें अनेक डोक्यांवरून फिरलेलीं आणि अनेकदां जमिनीवर पडलेलीं असतात, हें ध्यानांत ठेवून छंदी लोक लवकरच स्वतःचें विकत घेतात. निदान त्याखालीं घालावयाची कापडी टोपी तरी आपली असावी.

या टोपीचें आणखी एक काम आहे, आणि त्याविषयीं मी थोडें थांबून बोलणार आहें. सुप्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ सालीं नीस शहरांत उघड्या मोटारींत बसली असतां तिच्या गळ्यांतील लांब रुमाल मागच्या चाकांत गुंतला आणि ती गेली. ही जुनी गोष्ट झाली असें कोणी म्हणूं नये. कार्टमध्यें फिरता आंस चालकाच्या पाठीशीं, एका हाताच्या आंत असतो. २०१९ मध्यें हरियाणांतील पिंजोर येथें आणि २०२० मध्यें हैदराबादेजवळ, हौस म्हणून कार्टमध्यें बसलेल्या दोन स्त्रियांचे केंस चाकाकडे ओढले जाऊन त्यांचा प्राण गेला. दोघीही सहज विरंगुळा म्हणून गेलेल्या, शर्यतीशीं त्यांचा संबंध नव्हता. केंस गुंडाळून टोपींत आणि टोपी हेल्मेटांत. ओढणी, पदर, उपरणें, गळ्यांतील सैल दोरा हें सर्व बाहेर काढून ठेवावयाचें. हा नियम सांगावयास अर्धें मिनिट लागतें. जो मार्गचालक तें अर्धें मिनिट देत नाहीं त्याच्याकडे पैसे देऊं नयेत.

उरलेल्या वस्तु थोडक्यांत सांगतों. बरगड्यांवर घालावयाचा कठीण जाकिटासारखा पट्टा नवशिक्यांना चैनीचा वाटतो. पण वळणावर देह बैठकीच्या कडेवर दाबला जातो आणि दुसऱ्या दिवशीं शिंकतांना त्या पट्ट्याची आठवण होते. हातमोजे आणि घोटा झांकणारे बूट असावेत. बुटाच्या नाड्या आंत खोंचलेल्या असाव्यात. गाडींतून फेंकला गेल्यावर अंग रस्त्यावर घांसतें, म्हणून स्पर्धेंत जाड अंगरखा लागतो. भाड्याच्या फेरीस निदान पूर्ण बाह्या आणि पूर्ण विजार.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. भाड्याच्या कार्टला चारी बाजूंनीं रबरी कठडा असतो, आणि तो पाहून कित्येकांस वाटतें कीं हा जत्रेंतील धडकगाड्यांचा खेळ आहे. जाणते छंदी धडक देणाऱ्यास दुसऱ्यांदां आपल्यांत घेत नाहींत. त्यांच्या रीतीभाती ठरलेल्या आहेत. पिवळें निशाण दिसलें कीं पुढें संकट आहे, कोणी कोणास मागें टाकावयाचें नाहीं. निळें निशाण म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे. तांबडें म्हणजे शर्यत थांबली. गाडी गरकन् फिरून मार्गांत उभी राहिली तर चालकानें बाहेर उडी मारावयाची नाहीं. दोन्ही हात उंच करून बसून राहावयाचें, म्हणजे मागून येणाऱ्यांस तो दिसतो. पट्टा नसलेल्या गाडींत मनुष्य आपला जीव असा दुसऱ्यांच्या नजरेवर सोंपवितो. ती नजर भरंवशाची आहे कीं नाहीं हें एकमेकांस ओळखल्यावांचून कळत नाहीं, आणि म्हणूनच मंडळें जमतात. तेथें पाळीवरून थेट आलेला जोडारी असतो, महाविद्यालयांतला पोर असतो, कारखान्याचा मालकही असतो. वजनकाट्यावर सर्व सारखे! हलक्या चालकानें बैठकीला शिशाचे तुकडे बांधून ठरलेलें वजन भरावयाचें, भारी चालकानें जेवण आवरावयाचें. सुरुवातीपूर्वीं शेजारच्यानें आपल्या हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला तर रागावण्याची चाल नाहीं. ज्याला हरवावयाचें त्यालाच आपल्याजवळची जास्तीची सांखळी देणारे लोक या खेळांत भेटतात. सांखळी तुटून तो घरीं बसला तर हरवावयाचें कोणाला?

आतां एक अवघड प्रश्न. हीच मंडळी शर्यत आटोपून निघतात ती बहुतेक दुचाकीवरून. मार्गावर समोरून येणारा मालट्रक नव्हता, खड्डा नव्हता, कडेला टायरांची रास होती. नाशिक रस्त्यावर नेमकें उलट आहे. परंतु मार्गावर ज्यानें हेल्मेटवांचून पाऊल टाकलें नसतें, तो येथें तें आरशाला अडकवून जातांना दिसतो. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यांत हेल्मेटचा नियम कडकपणें अमलांत येऊं लागला तेव्हां त्याविरुद्ध कृति समिति उभी राहिली, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. उकाडा, मानेवरील ओझें, ऐकूं न येणें असे आक्षेप होते. गंमत अशी कीं कार्टच्या मार्गावर हे तिन्ही आक्षेप कोणाच्या तोंडून ऐकूं येत नाहींत, वस्तुतः तेथें उकाडा अधिक. माझ्या मतें फरक धाकाचा नाहीं, सोबतीचा आहे. मार्गावर दहा माणसें आपल्याकडे पाहत असतात. रस्त्यावर आपण एकटे असतों. भोसरींतच मध्यवर्ती मार्गपरिवहन संस्था १९६७ पासून आहे. रस्त्यावरील वाहतुकीचें आणि वाहनांच्या परीक्षणाचें ज्ञान या गांवास दूर जाऊन आणावयाचें नाहीं.

हेल्मेट विकत घेणाऱ्यांसाठीं एक व्यवहाराची सूचना. १ जून २०२१ पासून आपल्या देशांत दुचाकीसाठीं केवळ आय. एस. आय. शिक्क्याचेंच हेल्मेट बनविण्यास व विकण्यास परवानगी आहे. हनुवटी झांकणारें असें शिक्क्याचें हेल्मेट घेतलें तर तें रस्त्यावर कायदेशीर ठरतें आणि भाड्याच्या कार्टलाही उपयोगीं पडतें; स्पर्धेंत उतरावयाचें झाल्यास मात्र त्या स्पर्धेच्या नियमांत कोणती कसोटी लिहिली आहे तें आधीं वाचावें. दुकानांत तें डोक्यावर चढवून पट्टा बांधावा. पट्टा आणि हनुवटी यांमध्यें दोन बोटें जावींत, तिसरें जाऊं नये. मग मागच्या कडेखालीं हात घालून तें पुढें ढकलून पाहावें. निसटून पुढें आलें तर एक माप लहान मागावें. डोकें डावीकडे उजवीकडे हालवितांना गालांची कातडी हेल्मेटाबरोबर ओढली गेली पाहिजे. दुकानदार म्हणेल, घट्ट आहे, वापरानें सैल होईल. तो खरें बोलतो. म्हणूनच प्रथम घट्ट घ्यावें.