मार्टीची गिटार चुकली!

‘बॅक टू द फ्युचर’ (1985) मी किती वेळा पाहिलाय, मोजणं सोडून दिलंय. परवा एका गिटारवाल्या मित्राने 1955च्या डान्सचा सीन पॉज केला. ‘‘मार्टीच्या हातातली गिब्सन ईएस-345 बघ. तेव्हा ती बाजारातच नव्हती!’’

‘‘अरे, पण तो वाजवतोय ते ‘जॉनी बी. गूड’ही 1958चंच की!’’ मी म्हटलं.

मग लक्षात आलं, फरक आहे. गाणं मार्टीने 1985मधून डोक्यात आणलंय, खरी गंमत तीच. गिटार मात्र तिथल्याच बँडवाल्याची, म्हणजे ती 1955ची किंवा त्याआधीचीच हवी. टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टीत इतिहासाला म्हणूनच महत्त्व. ‘काल’ पक्का असेल, तरच त्यात घुसलेला ‘उद्या’ आपल्याला ओळखू येतो!