ॲल्युमिनियमची जुनी होडी : घरच्या घरी दुरुस्ती

भिवंडी तालुक्यातील काल्हेर, कशेळी ही गावे खाडीकाठची. येथे जुनी होडी वापरताना गळतीकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. परंतु खाऱ्या पाण्यात लोखंड किंवा तांबे त्याला टेकलेले असल्यास पत्र्याला खड्डे व भोके पडतात.

गळती शोधणे : होडी लाकडी ठोकळ्यांवर सर्व बाजूंनी नीट टेकवावी. आत चार बोटे पाणी भरावे. जास्त भरल्यास वजनाने पत्रा वाकतो. बाहेर ठिबकेल तेथे खूण करावी.

साफसफाई : स्टेनलेस स्टीलचा ब्रश वापरावा. कॉस्टिक सोडा लावू नये, तो ॲल्युमिनियम खातो.

रिबिटा : ढिल्या रिबिटीच्या डोक्याला एकाने जड लोखंडी ठोकळा टेकवावा, दुसऱ्याने आतील टोक हातोडीने बसवावे. नवीन रिबीट ॲल्युमिनियमची व भरीव असावी. साधी पॉप रिबीट मधून पोकळ असल्याने पाणी झिरपते. भोकावर सीलंट लावून ॲल्युमिनियमचेच ठिगळ रिबिटांनी बसवावे. हा धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला, लाल न होता एकदम वितळतो. म्हणून वेल्डिंग आर्गॉनच्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

रंग : प्रथम ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर, नंतर रंग द्यावा. तांबेयुक्त रंग टाळावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, नायलॉन वॉशरसह वापरावेत.

शेवटी होडी उथळ पाण्यात दोराने बांधून तासभर ठेवावी. तळ कोरडा राहिला तरच, जीवरक्षक जाकीट घालून, ती वापरात आणावी.